तुटक रेषेचा जिना

पोलादपूर
१२ जून २०२५

प्रिय सुशांत,

जय भीम.

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवलंस तरी माझी तक्रार नाही. फोन तू उचलत नाहीस. आईच्या फोनवरून केला असता, तर तिला पुढे केलं असं तुला वाटलं असतं. म्हणून पत्र. नाशिकचा पत्ता आईच्या वहीतला आहे, बदलला असेल तर हे परत येईल.

काम छोटंसं आहे. नगरपंचायतीत नवीन इंजिनिअर आल्या आहेत, अनुपमा मॅडम. बाहेरगावी कुठल्याशा वसतिगृहाला आग लागली, तेव्हापासून सगळीकडे तपासणीचे आदेश निघालेत. लॉज, क्लास, मंगल कार्यालय, सगळ्यांना नोटिसा गेल्या, तशी आपल्या वसतिगृहालाही आली. घाबरण्यासारखं काही नाही, सगळ्यांनाच आहे.

एकच विचारायचं होतं. मुली राहतात ती आप्पांची भाताची गिरणी एकाहत्तर सालची. तेव्हा गावात नगरपंचायत नव्हती आणि हे नियमही नव्हते. मग एवढ्या जुन्या इमारतीला आजचे नियम लागत नाहीत ना? महाडचा राजेंद्र, ज्याने आपल्या वसतिगृहाचे परवानगीचे नकाशे काढले, तो मला तसंच म्हणाला होता. जे आधीपासून उभं आहे ते उभं राहतं, ताई, काळजी करू नका. त्याचा फोन आता लागत नाही. तू इंजिनिअर आहेस, तुला दोन ओळींत सांगता येईल.

मुली अठरा आहेत. निम्म्या महाडला नर्सिंगला जातात, निम्म्या एमआयडीसीत पॅकिंगला. कंपनीची बस दारातून नेते. सगळं छान चाललंय. आईचा गुडघा सोडला तर तीही बरी आहे.

तुझी,
ताई


२४ जून २०२५

प्रिय सुशांत,

जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. ख्यालीखुशाली नाही, नुसते चार प्रश्न. पोस्टमनने वाचलं असणार, पण असू दे. आईने ते कार्ड दोनदा हातात घेऊन पाहिलं. "आणि काय लिवलान?" म्हणाली. मी म्हटलं, कामाचं आहे.

तुझे प्रश्न तू लिहिलेस त्याच क्रमाने घेते.

वर किती झोपतात: सोळा. खालच्या खोलीत दोघी.

खाली यायला किती वाटा: जिना आहे. आपला लाकडी, पूर्वीपासूनचा.

खिडक्यांना गज आहेत का: आहेत. ते मीच बसवून घेतले. वाड्यांवरचे आईबाप पोरीला सोडायला येतात तेव्हा आधी खिडकी बघतात, सुशांत. गज नसते तर एकीलाही कोणी ठेवली नसती.

मला माहीत आहे तुला काय म्हणायचंय. आप्पा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला आलास तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, इथे मुली झोपवणार असशील तर तुझं डोकं फिरलंय. मी म्हटलं, या माळ्यावर पाचशे पोती भात राहायचं, दहा-वीस मुलींनी काय होतं. त्यावर तू म्हणालास, वजनाचा प्रश्नच नाही, पोत्याला जिना उतरून पळावं लागत नाही. लोक हसले. मला वाटलं, मला हसले. मग इमारत राहायला योग्य असल्याच्या दाखल्यावर तू सही करायला नकार दिलास आणि मी जे बोलले ते बोलले. आप्पा आजारी असताना आला नाहीस, निदान सही तरी कर, असं. ते मी बोलायला नको होतं.

पण तूही आठव, वीस मार्चला चवदार तळ्यावर निघालेल्या बायकांना आप्पा याच माळ्यावर उतरवायचे. चाळीस-चाळीस बायका असायच्या. तेव्हा कोणी जिना मोजला नाही.

पहिल्या पत्रातल्या माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तू दिलं नाहीस.

ताई


५ जुलै २०२५

प्रिय सुशांत,

अनुपमा मॅडम काल येऊन गेल्या. तिशीच्या असतील. पाऊस होता, रेनकोट पडवीत काढून ठेवला आणि अनवाणीच वर चढल्या. मला वाटलं होतं कागद बघतील, चहा घेतील आणि जातील. त्यांनी टेप काढली. जिन्याची रुंदी मोजली, पायरीची उंची मोजली, माळ्याच्या कोपऱ्यातल्या कॉटपासून जिन्याच्या तोंडापर्यंत मोजलं. एकेक आकडा मोठ्याने म्हणायच्या आणि वहीत लिहायच्या.

जो प्रश्न तुला विचारला तोच मी त्यांना विचारला. इमारत जुनी आहे, नियमाच्या आधीची, मग चालतं ना?

त्या म्हणाल्या, "ताई, गिरणी म्हणून ही इमारत तुम्ही अजून पन्नास वर्षं चालवा. जिना अरुंद आहे, लाकडी आहे, मी शब्द काढणार नाही. ज्या कामासाठी बांधली त्या कामाला ती जुनी. पण ज्या दिवशी तुम्ही इथे माणसं झोपवायला लागलात, त्या दिवसापासून माझ्या दृष्टीने ती आजची इमारत. आजचा जिना लागतो, आणि तोही एक नाही, दोन."

मी म्हटलं, परवानगी आहे आमच्याकडे. वापर बदलाची रीतसर परवानगी आहे.

"मग मंजूर नकाशा दाखवा," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, नकाशा महाडला आहे, कपाटाची किल्ली सापडत नाही.

नकाशा माझ्या टेबलाच्या खणात होता, सुशांत. त्या ज्या खुर्चीवर बसल्या होत्या तिच्यापासून हातभर अंतरावर. का लपवला ते पुढे कधीतरी लिहीन. त्यांनी दहा दिवस दिलेत, नाहीतर म्हणाल्या ऑफिसातली प्रत मी स्वतः काढते.

सगुणाबाई स्वयंपाकघरातून ऐकत होती. मॅडम गेल्यावर मला म्हणाली, "बाय, ती काय वायट बोलली नाय." मी तिच्यावर ओरडले. तुला आठवत असेल सगुणाबाई, आप्पांच्या वेळी गिरणीत कोंडा भरायची. आता आमच्याकडे जेवण करते. कालपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

हल्ली जिन्यावर कोणी पळत उतरलं की मी हातातलं काम टाकून बाहेर येते. दरवेळी कोणीतरी मुलगी बस पकडायला निघालेली असते.

ताई


१४ जुलै २०२५

सुशांत,

तुझ्या कार्डावरचा चौथा प्रश्न मी गाळला होता. मीटर कुठे आहे. मीटर जिन्याखाली आहे. आप्पांच्या वेळी होता तिथेच. मागच्या भिंतीला पावसाळाभर ओल असते.

दहा तारखेला सकाळी साडेअकराला तो पेटला.

सगळ्या सुखरूप आहेत. हे आधी लिहायला हवं होतं.

नर्सिंगच्या मुली कॉलेजला गेल्या होत्या, पहिल्या पाळीच्या कंपनीत. वर तिघी होत्या. दोघी रात्रपाळी करून येऊन झोपलेल्या आणि पूनम, जिला ताप होता. पूनम काशीराम नावाच्या माणसाची मुलगी, डोंगरावरच्या वाडीवरची. ते लोक म्हशी राखतात. दोन वर्षं झाली तिला माझ्याकडे.

मी ऑफिसात होते. आधी वास आला, रबर जळाल्यासारखा. बाहेर आले तर जिन्याच्या फटींतून धूर येत होता. थोडा, उदबत्तीसारखा. मी मागे वळून परत पाहीपर्यंत तो काळा झाला आणि जिन्यावरूनच वर चढायला लागला. चिमणीतून चढावा तसा. धुराला वर जायला तीच वाट आणि मुलींना खाली यायला तीच वाट. मी पहिल्या पायरीशी उभी राहून हाका मारत होते. खोटं कशाला लिहू, मी वर गेले नाही.

सगुणाबाई पदर तोंडाला बांधून बाहेर अंगणात धावली आणि खालून ओरडायला लागली. "गो पूनम, पोत्याच्या दाराशी जा. तुज्या खाटेच्या मागं हाय बघ. लाथ मार त्याला."

रस्त्याच्या बाजूला, पोती खाली सोडायचं ते दार. त्याला मी प्लायवूड ठोकून रंग दिला होता आणि पुढे पूनमची कॉट लावली होती. या मुलींना तिथे दार आहे हे कधी कळलंच नव्हतं. मी विसरले होते. सगुणाबाई विसरली नव्हती.

आतून लाथांचे आवाज यायला लागले. तोवर समोरचा पंक्चरवाला साहिल आणि त्याच्याकडे आलेला एक टेम्पोवाला शिडी घेऊन धावले. शिडी दारापर्यंत पोचत नव्हती, एक पुरुषभर कमी पडत होती. त्यांनी ती टेम्पोच्या हौद्यात उभी केली. प्लायवूड फुटलं आणि पहिल्यांदा धूर बाहेर आला, मग एक मुलगी. ती उतरली. दुसरी उतरली. पूनम मधेच थांबली, साहिल तिला म्हणत होता, "बस हो गया, बेटा, एक पाय खाली," आणि तिने हात सोडले. टेम्पोच्या फळीवर पडली. टाच मोडली आहे. मनगटही सुजलंय.

वायरमनने खांबावरून लाईट बंद केली, लोकांनी वाळू टाकली. पाच पायऱ्या जळल्या, बाकी जिना आहे तसा उभा आहे.

दवाखान्यात मी सांगितलं, जिन्यावरून घसरली. पूनमने माझ्याकडे बघितलं आणि होकाराची मान हलवली.

संध्याकाळी काशीराम आला. वाडीवरून चालत खाली, मग मिळेल त्या गाडीने. मी म्हटलं आता हा मला शिव्या घालणार, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. त्याने पायताण दाराबाहेर काढलं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्यापुढे हात जोडले. "ताई, तुमी होतात म्हणून पोर वाचली. नायतर काय झाला असता." मी त्याला चहा दिला.

मुली आता खालीच झोपतात, जेवणघरात, सतरंज्यांवर. पाऊस पत्र्यावर वाजला तरी मी दचकते.

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

ताई


२५ जुलै २०२५

सुशांत,

तुझं उत्तर आलं नाही. हे पत्र वाचल्यावर ते द्यावंसं तुला वाटेल का, माहीत नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की धूर दिसला तेव्हा "मागे वळून परत पाहीपर्यंत" तो काळा झाला. मी मागे वळले नव्हते. मी ऑफिसात परत गेले, खण उघडला, नकाशाची फाईल काढली आणि साडीत खोचली. मग हाका मारायला आले. किती वेळ गेला असेल ते मी मोजू शकत नाही. सगुणाबाईने पाहिलं. ती अजून कोणाला बोललेली नाही.

आता फाईलमध्ये काय आहे ते सांगते.

पुण्यानुमोदनाला आलास तेव्हा भांडणाच्या आधी दोन दिवस तू गिरणी मोजत होतास. आई तुझ्यासाठी टेपचं दुसरं टोक धरून उभी होती. तू मोठ्या कागदावर नकाशा काढलास. मागच्या बाजूला तुटक रेषांनी एक लोखंडी जिना दाखवलास आणि शेजारी लिहिलंस, प्रस्तावित. मला म्हणालास, हा आधी बांध, मग मुली आण. भांडण झालं, तू गेलास, कागद इथेच राहिला.

तो मी राजेंद्रला दिला. त्याने तो छापून घेतला तेव्हा तुटक रेषा सलग केल्या आणि 'प्रस्तावित' हा शब्द काढला. नगरपंचायतीच्या कागदावर आपल्या गिरणीला तीन वर्षं दोन जिने आहेत. कोपऱ्यात तुझं नाव राहिलं. मोजमाप आणि आरेखन, सुशांत, पुढे तुझी पदवी. दाखल करण्याआधी राजेंद्रने मला कागद दाखवला होता. मी बघितलं. दोन्ही बघितलं, जिना आणि नाव. नंतर बांधू जिना, असं मनात म्हटलं आणि सही केली. त्या वर्षी मुली आल्या, पुढच्या वर्षी आणखी आल्या, माझ्याकडे जागा नाही असं म्हटलं की आईबाप तिथेच बसून राहायचे. जिना राहिला.

सोमवारी अनुपमा मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. आग लागल्याचं त्यांना कळलं होतं. टेबलावर मंजूर नकाशाची प्रत पसरलेली होती.

"हा मागचा जिना कुठे आहे, ताई?"

त्यांनी बोट कोपऱ्यातल्या नावावर नेलं.

"सुशांत कोण?"

"माझा भाऊ. इंजिनिअर आहे."

"हा जिना त्यांनी दाखवलाय?"

मी म्हटलं, "नकाशा त्यानेच काढला."

एवढंच म्हटलं. वाक्य खरं आहे, म्हणूनच ते माझ्या तोंडातून इतकं सहज निघालं. त्यांनी तुझं नाव वहीत लिहिलं, खाली रेघ मारली. "म्हणजे खोटा नकाशा त्यांनी दिला," त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. पर्स उचलली आणि बाहेर आले, आणि बाजारातून घरापर्यंत मला माझेच पाय दिसत होते.

अठरा ऑगस्टला अकरा वाजता सुनावणी आहे. तुझ्या नावाने नोटीस निघेल. गुन्हा दाखल होऊ शकतो, तुझी नोकरी जाऊ शकते, हे मला तिथल्या कारकुनाने सांगितलं. मी पहिलं पत्र लिहिलं ते नियम विचारायला लिहिलं नव्हतं. तपासणी होणार म्हटल्यावर तुझं नाव वर येणार हे मला तेव्हाच माहीत होतं. तुला सावध करायचं होतं, आणि ते करण्यासाठी आधी मी काय केलं ते सांगावं लागलं असतं. ते धाडस झालं नाही.

आईला यातलं काही माहीत नाही. ती रोज पोस्टमनची वाट बघते.

ताई


९ ऑगस्ट २०२५

प्रिय सुशांत,

जय भीम.

वसतिगृह बंद केलं. आधी ते सांगते.

नर्सिंगच्या मुलींची सोय महाडला त्यांच्या कॉलेजजवळ झाली, आठ जणी दोन खोल्यांत. कंपनीतल्या सात जणी आळीपाळीने नातेवाईकांकडे आहेत. दोघी कामं सोडून वाडीवर गेल्या आणि परत येतील असं मला वाटत नाही. एकीने जाताना विचारलं, आता गिरणी पुन्हा सुरू होईल का हो? मी म्हटलं, माहीत नाही. कॉटी खाली उतरवून ठेवल्यात. पोत्यांच्या दाराचं प्लायवूड मी काढून टाकलं, आता तिथून सरळ रस्ता दिसतो.

त्याआधी मी पूनमच्या वाडीवर गेले. शेवटचा चढ पायी आहे, पावसात दोनदा पडले. काशीरामला सगळं सांगितलं. मीटर, जिना, आणि मी आधी फाईल घ्यायला गेले ते. पूनम पायाला प्लास्टर घालून ओट्यावर बसली होती, तिच्यासमोरच सांगितलं. काशीरामने म्हशीचं दावं खुंटीला बांधलं. मग म्हणाला, "मी तुमाला हात जोडले होते." तेवढंच म्हणाला. चहा दिला नाही आणि बसा म्हणाला नाही. खाली उतरताना पूनमची आई वाटेपर्यंत आली, तिने माझी पडलेली छत्री हातात दिली आणि ती पण गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अनुपमा मॅडमकडे गेले. सगळं लिहून नेलं होतं, पावणेचार पानं. जिना तुटक रेषेत होता, प्रस्तावित म्हणून होता, सलग केला तो राजेंद्रने आणि मी बघून सही केली. माझ्या भावाने तो आधी बांधायला सांगितला होता, त्याने सही नाकारली होती, त्याचा नकाशा मी अर्जाला जोडला हे त्याला ठाऊक नव्हतं. तुझा मूळ कागदही दिला, ज्याच्यावर तुझं पेन्सिलीतलं 'प्रस्तावित' आहे. तो मी फाडला नव्हता. का नाही फाडला, माहीत नाही.

त्यांनी शांतपणे वाचलं, पोच दिली. मग ड्रॉवर उघडला आणि म्हणाल्या, "हे पाच तारखेला स्पीडपोस्टाने आलंय. तुम्ही याल का नाही ते बघत होते, म्हणून बोलले नाही."

पाकिटावर तुझं अक्षर होतं.

मला वाटलं, तू माझं पंचवीस तारखेचं पत्र पुराव्याला पाठवलंस. तो तुझा हक्कच होता. कागद त्यांनीच उलगडून दिला.

तू माझं पत्र पाठवलं नव्हतंस. तू लिहिलं होतंस की आरेखन तुझं आहे. जिना बांधलेला नव्हता आणि बांधल्याशिवाय इथे माणसं ठेवू नयेत हे तुला कळत होतं. तुझ्या डोळ्यांदेखत तिथे कॉटी उतरल्या. तू रागाने निघून गेलास आणि तीन वर्षं कुणालाही एका ओळीनेही कळवलं नाहीस. "मी नियम जाणणारा माणूस आहे, माझ्या बहिणीपेक्षा माझी जबाबदारी जास्त आहे. सुनावणीला हजर राहीन." राजेंद्रचं नाव नाही, माझ्या सहीचा उल्लेख नाही. खाली तुझी सही आणि पदवी.

सुशांत, मी तिथल्या बाकावर बसले. कोणीतरी पाणी आणून दिलं. माझी भीती गेली असं तुला लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. ती वाढली. आतापर्यंत तू माझ्यावर चिडलेला आहेस एवढंच मला माहीत होतं. तूही तिकडे तीन वर्षं प्रत्येक पावसाळ्यात हा जिना डोळ्यांसमोर आणून बसत असशील, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

अनुपमा मॅडम म्हणाल्या, दोन्ही जबाब फाईलला राहतील, एकमेकांशी जुळत नाहीत ते सुनावणीत बघू. दंड होईल, राजेंद्रवर आणि माझ्यावर गुन्हाही होऊ शकतो. तुझ्याबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "मूळ कागद तुम्ही दिलात, त्याचा उपयोग होईल." आणि मी निघताना म्हणाल्या, मागे खरोखर जिना बांधला, मीटर हलवला, गज उघडणारे केले, तर नवीन अर्ज करता येईल. त्याला इंजिनिअरची सही लागेल. ती मी तुझ्याकडे मागत नाही. मी फक्त त्या काय म्हणाल्या ते लिहिते आहे.

सगुणाबाई परवापासून पुन्हा बोलायला लागली. आज तिने मला विचारलं, "तो येतोय काय?" मी म्हटलं, येतो म्हणून लिहिलंय. "मग आयला सांग की गो," म्हणाली.

आईला सांगितलेलं नाही. तू आला नाहीस तर तिला काय सांगू ते मला सुचणार नाही.

सुनावणी अठरा तारखेला, सोमवारी अकराला आहे. नाशिकहून निघालास तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचशील. सतरा तारखेला, रविवारी बारा वाजल्यापासून मी पोलादपूरच्या स्टँडवर असेन. तू उतरल्यावर माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. पिशवी मात्र माझ्याकडे दे, घरापर्यंत चढ आहे.

तुझी,
ताई